वाचकांचे प्रश्न : शिळ्या बफरमधला अनोळखी ठिपका

गेल्या अंकातील पेशींच्या संदेशवहनावरील लेखात अमेरिकेतील सॉल्क संस्थेचे शास्त्रज्ञ टोनी हंटर यांचा ओझरता उल्लेख होता. प्रयोगासाठी ताजे बफर (आम्लता ठरावीक राखणारे द्रावण) न करता त्यांनी जुनेच वापरले आणि त्यातून १९७९ मध्ये कर्करोगाच्या संशोधनाला कलाटणी देणारा शोध लागला, असे एक वाक्य त्यात आले होते. लेखातील बाकी सारे बाजूला ठेवून वाचकांनी त्या एका वाक्यावरच इतके लिहिले आहे की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : जुने द्रावण वापरले म्हणून शोध लागला, हे वाचून आमच्या वर्गात वाद झाला. आमच्या प्रयोगशाळेत जुने द्रावण वापरले तर सर गुण कापतात. मग हा शोध म्हणजे निव्वळ नशीब म्हणायचे का?
(बारावी विज्ञान शाखेतील विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपले सर गुण कापतात ते योग्यच करतात, हे आधी सांगून ठेवणे बरे. आता नशिबाविषयी.

पेशीतील प्रथिनांचे काम चालू किंवा बंद करण्याचा एक सर्रास आढळणारा मार्ग म्हणजे त्यांच्यावर फॉस्फेटचा गट बसवणे आणि काम झाले की तो काढून घेणे. हा गट बसवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) काइनेज म्हणतात. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधील ग्लायकोजनचा अभ्यास करताना ही यंत्रणा उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ असते आणि फॉस्फेट त्या माळेतील ज्या मण्याला हायड्रॉक्सिल गट आहे त्याच्यावर सहज बसू शकतो. असे मणी तीन आहेत : सिरीन, थ्रिओनिन आणि टायरोसिन. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिसऱ्याला कोणतीच आडकाठी नव्हती; तरीही १९७९ पर्यंत काइनेज फक्त पहिल्या दोघांवर फॉस्फेट बसवतात असेच सारे धरून चालले होते, कारण पाहिलेल्या प्रत्येक प्रथिनात तेच दोघे सापडत होते.

हंटर त्या वेळी वॉल्टर एकहार्ट यांच्यासमवेत पॉलिओमा या विषाणूवर काम करत होते. हा विषाणू उंदरांमध्ये गाठी निर्माण करतो. त्याची प्रथिने प्रतिपिंडांच्या मदतीने पेशीतून वेगळी काढायची, त्यांना किरणोत्सारी फॉस्फरस असलेले एटीपी (काइनेज ज्यातून फॉस्फेट घेते तो पेशीतील रेणू) द्यायचे आणि फॉस्फेट कोठे बसतो ते पाहायचे, असा हा प्रयोग होता. फॉस्फेट बसत होता, पण कोणत्या मण्यावर? ते ठरवण्यासाठी प्रथिन तीव्र आम्लात तापवून माळेचे मणी सुटे केले जातात, सेल्युलोजच्या पातळ थरावर त्यांचा थेंब ठेवला जातो आणि बफरमध्ये भिजलेल्या त्या थरातून उच्च दाबाची वीज सोडली जाते. प्रत्येक मणी आपापल्या विद्युतभारानुसार कमी-अधिक अंतर सरकतो. शेजारीच ओळखीच्या पदार्थांचे नमुने ठेवलेले असतात; किरणोत्सारी ठिपका ज्या नमुन्याच्या रेषेत येईल तो आपला मणी.

या कामाच्या बफरचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) १.९ असावा लागतो. हंटर यांनी नवे बफर करण्याचा आळस केला आणि आधी अनेकदा वापरलेलेच पुन्हा घेतले, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. वापरून वापरून त्याचा सामू १.७ पर्यंत उतरला होता. फरक अवघा दोन दशांशांचा होता, पण १.९ सामूला थ्रिओनिन आणि टायरोसिन यांची फॉस्फेटयुक्त रूपे एकत्रच सरकतात आणि एकच ठिपका देतात, तर १.७ सामूला ती थोडी वेगळी होतात. ताजे बफर असते तर ठिपका थ्रिओनिनच्या जागी दिसला असता, वहीत तशी नोंद झाली असती आणि विषय तेथेच संपला असता. दुसऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाबाबत एका नामांकित गटाकडून अगदी हेच घडले होते. त्यांनी फॉस्फेट थ्रिओनिनवर बसतो असे प्रसिद्धही केले होते.

इथपर्यंत नशीब आहे, हे मान्य करू. त्यानंतरचे मात्र नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. कोणत्याही नमुन्याच्या रेषेत न बसणारा ठिपका पाहिल्यावर प्रयोग बिघडला असे म्हणून तो थर फेकून देणे सर्वांत सोपे होते. हंटर यांनी तो खरा मानला, हायड्रॉक्सिल गट असलेला तिसरा मणी कोणता याचा विचार केला आणि टायरोसिनला फॉस्फेट जोडून त्याचा नमुना स्वतः तयार केला. अनोळखी ठिपका बरोबर त्या नमुन्याच्या जागी आला. पुढे बार्ट सेफ्टन यांच्यासह त्यांनी हेच परीक्षण कोंबड्यांच्या कर्करोगाच्या विषाणूतील सार्क या प्रथिनावर केले, तेव्हा तेही टायरोसिनवरच फॉस्फेट बसवणारे काइनेज निघाले. निरोगी पेशीत फॉस्फेटयुक्त अमिनो आम्लांपैकी टायरोसिनचा वाटा दहा हजारांत तीन-चार इतका नगण्य असतो. विषाणूने कर्करोगी केलेल्या पेशींमध्ये तो कित्येक पटींनी वाढलेला दिसला. जी गोष्ट इतकी वर्षे कोणाच्या नजरेस पडली नव्हती तीच रोगात वाढत होती, आणि १९८० मधील त्यांच्या शोधनिबंधाचे महत्त्व यात आहे.

तेव्हा वर्गातील वादात दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे गुण द्यावेत, असे सुचवतो.

प्रश्न : माणसाच्या कर्करोगासाठी कोंबडीच्या विषाणूचा अभ्यास कशाला? आणि विषाणूमुळे कर्करोग होतो म्हणजे तो संसर्गजन्य आहे का? घरात एक रुग्ण असल्याने विचारत आहे.
(गृहिणी, सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कर्करोगाच्या रुग्णाच्या सहवासाने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने कर्करोग होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित असलेला एचपीव्ही किंवा यकृताच्या कर्करोगाशी संबंधित असलेला हेपटायटिस बी यांसारखे काही विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात हे खरे आहे आणि या दोन्हींवर लसी आहेत. परंतु तेथेही पसरतो तो विषाणू, कर्करोग नव्हे.

आता कोंबडी. १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे पेटन राउस यांनी एका कोंबडीच्या गाठीचा रस पेशी अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली. गाळणीतून पार झाले ते पेशीहून सूक्ष्म असे काहीतरी होते, म्हणजेच विषाणू. या कामाला नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, राउस ८७ वर्षांचे असताना. या विषाणूची सोय अशी की पेशीला कर्करोगी करणारे त्याच्याकडील जनुक एकच आहे, सार्क. माणसाच्या गाठीत शेकडो बदल एकाच वेळी झालेले असतात आणि मूळ गुन्हेगार कोणता हे कळत नाही; येथे संशयित एकच होता.

१९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने दाखवले की सार्क हे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या पेशीत असते आणि विषाणूने केव्हातरी ते तिच्याकडूनच उचलले आहे. पुढे माणसाच्या पेशीतही त्याचे भावंड सापडले. याचा अर्थ असा की कर्करोगाचे जनुक बाहेरून येते असे नाही; पेशीने केव्हा वाढावे हे ठरवणारे आपलेच जनुक बिघडते. ते जनुक नेमके करते काय, हा प्रश्न यातून उभा राहिला आणि हंटर यांच्या ठिपक्याने त्याचे उत्तर दिले.

प्रश्न : फॉस्फेटमुळे पेशी वाढतात, तर फॉस्फेट असलेली शीतपेये आणि रासायनिक खते यांमुळे कर्करोग होतो असे म्हणता येईल का?
(शेतकरी, बारामती तालुका)

उत्तर : या लेखाच्या आधारे तसे म्हणता येणार नाही. काइनेज जो फॉस्फेट बसवते तो पेशीतील एटीपीपासून घेतलेला असतो आणि एटीपीची पेशीत कधीच वानवा नसते. बिघाड फॉस्फेटच्या साठ्यात नसून तो कोठे आणि केव्हा बसवावा हे ठरवणाऱ्या विकरात असतो. पाटाचे पाणी तेवढेच राहिले तरी बारे उघडेच राहिले तर वाफा बुडतो, तसे हे आहे.

प्रश्न : माझे वडील सीएमएल या रक्ताच्या कर्करोगासाठी रोज इमॅटिनिबची गोळी घेतात. हंटर यांच्या शोधाशी या गोळीचा संबंध आहे का? तसेच त्यांचे रक्ततपासणीचे अहवाल आता चांगले आहेत; गोळी थांबवावी का?
(वाचक, ठाणे)

उत्तर : गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये, एक दिवसाआड करू नये आणि मात्राही कमी करू नये. दीर्घकाळ अत्यंत चांगले अहवाल असलेल्या काही निवडक रुग्णांमध्ये डॉक्टर ती थांबवून पाहतात. परंतु त्यासाठी वेगळी आणि फार सूक्ष्म रक्ततपासणी वारंवार करावी लागते. नेहमीच्या पेशीगणनेवरून हा निर्णय होत नाही.

संबंध मात्र थेट आहे आणि तो जुळायला चार दशके लागली. १९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या रक्तपेशींमध्ये एक आखूड गुणसूत्र आढळले. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रोली यांनी दाखवले की ते नुसते तुटलेले नसून ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे बदलले आहेत. या अदलाबदलीत दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन एक संकरित प्रथिन तयार होते आणि त्यातील एबीएल हा भाग टायरोसिन काइनेज असतो. नेहमीच्या एबीएलला लगाम असतो. संकरित प्रथिनाचा लगाम सुटलेला असतो आणि ते अहोरात्र ‘विभाजन करा’ असा संदेश देत राहते.

काइनेज ज्या खोबणीत एटीपी धरते तीच खोबण दुसऱ्या रेणूने अडवली तर ते निकामी होईल, ही कल्पना सोपी वाटते. परंतु पेशीत शेकडो काइनेज आहेत आणि सर्वांच्या खोबणी दिसायला सारख्या, त्यामुळे एकच अडवणे अशक्य आहे असे अनेक जाणकारांचे मत होते. स्वित्झर्लंडमधील एका औषध कंपनीत निक लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला एक रेणू ऑरेगन येथील डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिला आणि निरोगी पेशींना फारसा धक्का न लागता त्या पेशी मरू लागल्या. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी मिळाली. पुरेशी मात्रा मिळालेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. बफरच्या त्या प्रसंगापासून मोजले तर २२ वर्षे झाली, आणि या गोळीवर स्वतः हंटर यांनी काम केलेले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

वडिलांना मिळणारी गोळी परवडण्याजोगी आहे, त्याला आपल्याकडचा एक न्यायनिर्णयही कारण आहे. हे औषध मूळ बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने त्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितले होते. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार, माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपात उपचाराची परिणामकारकता वाढल्याचे दिसल्याशिवाय पेटंट देता येत नाही. या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ती मागणी फेटाळली. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे सव्वा लाख रुपये सांगितला जात होता आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा आठ-दहा हजार. कंपनी आपल्या योजनेतून अनेक रुग्णांना औषध विनामूल्य देत होती, ही तिची बाजूही सांगायला हवी. परंतु वर्षानुवर्षे घ्यावयाचे औषध कोणाच्या योजनेवर अवलंबून नसणे अधिक बरे, असे माझे मत आहे.

प्रश्न : आईला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अशीच ‘टार्गेटेड’ गोळी दिली होती. वर्षभर आश्चर्यकारक गुण आला आणि मग रोग उलटला. सीएमएलमध्ये गोळी वर्षानुवर्षे चालते, मग येथे का नाही?
(वाचिका, औरंगाबाद येथून, सध्या पुणे)

उत्तर : सीएमएलच्या सुरुवातीच्या टप्प्यात रोगाचा सारा डोलारा बहुतांशी एकाच बिघाडावर उभा असतो. फुप्फुसाच्या गाठीत मुख्य बिघाड ईजीएफआर या टायरोसिन काइनेजमध्ये असला तरी त्याच्या जोडीला इतर अनेक असतात आणि गाठीतील सर्व पेशी एकसारख्या नसतात. गोळीने बहुसंख्य पेशी मरतात. ज्या थोड्या पेशींमध्ये खोबणीचा आकार किंचित बदललेला असतो किंवा संदेशासाठी दुसरी वाट असते, त्या उरतात आणि वाढतात. सीएमएलमध्येही काहींच्या बाबतीत असे होतेच. खोबणीतील एकच अमिनो आम्ल बदलले की इमॅटिनिब तेथे बसत नाही आणि म्हणून पुढच्या पिढ्यांची औषधे शोधावी लागली. आपल्या आईच्या उपचारात काही कमी राहिले, असा समज करून घेऊ नये.

यावर एक उपाय म्हणजे सुरुवातीपासूनच दोन बाजूंनी मारा करणे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ईजीएफआरमध्ये बिघाड असलेल्या ३५० रुग्णांवर गेफिटिनिब ही गोळी एकटी आणि केमोथेरपीसह अशी तुलना केली. गोळी एकटी घेणाऱ्यांत रोग पुन्हा वाढण्यापूर्वीचा मध्यक काळ आठ महिने होता, केमोथेरपीची जोड मिळालेल्यांत सोळा. अर्थात दुष्परिणामही अधिक होते. केमोथेरपी कालबाह्य झाली असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला मुंबईतीलच हे उत्तर आहे.

प्रश्न : हंटर यांना नोबेल मिळाले का?
(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : आजवर नाही. २००५ चे वुल्फ पारितोषिक त्यांना टोनी पॉसन आणि अलेक्झांडर लेवित्स्की यांच्यासह, आणि २०१८ चे तांग पारितोषिक ब्रायन ड्रकर व जॉन मेंडेलसोन यांच्यासह मिळाले.

प्रश्न : मुलीला एम.एस्सी.नंतर कर्करोगावर संशोधन करायचे आहे. घरात कोणी या क्षेत्रातले नाही. किती वर्षे लागतात, आणि परदेशी जावेच लागते का?
(पालक, रत्नागिरी)

उत्तर : वर्षे बरीच लागतात, हे तिला आणि नातेवाइकांना दोघांनाही आधीच सांगून ठेवावे, कारण पस्तिशीपर्यंत ‘अजून शिकतेच आहे का?’ हा प्रश्न लग्नकार्यात विचारला जाणार आहे. एम.एस्सी.नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, पाच-सहा वर्षांची पीएच.डी., त्यानंतर काही वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम आणि मग स्वतंत्र जागा, असा हा साधारण मार्ग आहे. हंटर यांचेच पाहा. इंग्लंडमधील केंट परगण्यात १९४३ मध्ये जन्म, केंब्रिजमध्ये पीएच.डी., १९७१ मध्ये दोन वर्षांसाठी सॉल्क संस्थेत, परत केंब्रिज आणि १९७५ मध्ये पुन्हा सॉल्क. स्वतंत्र जागा मिळाली तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. त्यानंतर मात्र त्यांनी संस्था बदलली नाही आणि मूळ प्रश्नही फारसा बदलला नाही : फॉस्फेट कोठे बसतो आणि त्याने काय होते. २००२ मध्ये मानवी जनुकसंचातील सर्व काइनेजची जी यादी प्रसिद्ध झाली, ५१८ नावांची, तिच्या कर्त्यांमध्ये ते होते. त्यातील ९० टायरोसिनवर काम करणारी आहेत. (सॉल्क संस्थेची समुद्राकडे तोंड करून उभी असलेली इमारत लुई कान यांची आहे. अहमदाबादची व्यवस्थापन संस्थाही त्यांचीच.)

परदेशी जावेच लागते असे नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था, पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), तसेच मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे पीएच.डी. करता येते. ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असल्याने रुग्णांशी निगडित प्रश्नांवर काम करण्याची सोय आहे. आणि मुलीला एक नाव जरूर सांगावे : कमल रणदिवे. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आणि हुजूरपागा व फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलताईंनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. नंतर त्यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. टायरोसिन काइनेज हा शब्द जन्मण्याआधीचा हा काळ आहे. त्या परदेशी गेल्या, पण तंत्र आणायला.

प्रश्न : रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले म्हणून विचारतो. प्रथिन तीव्र आम्लात तापवल्यावर त्यावरील सगळे फॉस्फेट टिकतात का? न टिकणारे असतील तर ते या पद्धतीने कधीच दिसणार नाहीत.
(निवृत्त प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. सिरीन, थ्रिओनिन आणि टायरोसिन यांच्यावर फॉस्फेट ऑक्सिजनमार्फत जोडलेला असतो आणि तो बंध आम्लात बऱ्यापैकी टिकतो. हिस्टिडिन या अमिनो आम्लावर मात्र तो नायट्रोजनमार्फत जोडला जातो आणि हा बंध आम्लात सहज तुटतो. हिस्टिडिनवर फॉस्फेट बसतो हे १९६० च्या दशकापासून माहीत होते आणि जीवाणूंमध्ये त्याचा भरपूर अभ्यासही झाला. परंतु आपल्यासारख्या सजीवांच्या पेशींमध्ये तो नेहमीच्या परीक्षणात दिसण्यापूर्वीच नष्ट होत असल्याने दुर्लक्षित राहिला. ज्या उकळत्या आम्लाने टायरोसिनचा ठिपका दाखवला, त्यानेच हा पुसून टाकला होता.

सत्तरी ओलांडलेल्या हंटर यांनी याच प्रश्नाला हात घातला. फॉस्फेटयुक्त हिस्टिडिन ओळखणारे प्रतिपिंड तयार करण्यात अडचण अशी की प्राण्याला टोचल्यावर तो रेणू प्रतिकारशक्तीच्या लक्षात येण्याआधीच विघटित होतो. त्यांच्या गटाने त्याच आकाराचे पण न तुटणारे रेणू वापरून हे प्रतिपिंड मिळवले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. या कामात बफरचा सामू आम्लधर्मी होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते.